कांचेआडचें ऊन

घरांत पाळावयाचा प्राणी म्हटला कीं गाय, कुत्रें, मांजर, फार तर पिंजऱ्यांतला राघू, येथें आपली कल्पना थांबते. पाल आणि सरडा हे आपल्या आसपास असतात खरे, पण ते पाळलेले नसतात. ते आपल्याला सोसतात आणि आपण त्यांना. पाल अंगावर पडली तर पंचांगांतील पल्लीपतनाचें कोष्टक काढून शुभाशुभ पाहणारी मंडळी अजून आहेत. अशाच एका घराण्यांत वाढलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकानें आजारी सरड्याच्या शुश्रूषेवर लेख लिहावा, हें वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु एका मुक्या जिवाच्या दुखण्यानें मला जें शिकविलें, तें साऱ्या शिक्षकीच्या काळांत मीं शिकलों नव्हतों. तें जिज्ञासू वाचकांपुढें ठेवावें, आणि त्यांत माझी जी चूक झाली तीहि लपवूं नये, एवढ्याच हेतूनें हा प्रपंच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत, बर्मिंगहॅमजवळ राहतात. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मी आणि आमची सौ. त्यांच्याकडे गेलों. नातू अकरा वर्षांचा. आम्हांला नमस्कार करून होतो न होतो तोंच त्यानें माझा हात धरून आपल्या खोलींत नेलें. तेथें एक लांब लांकडी पेटी होती, पुढच्या बाजूस कांच, आंत दिवे. आणि एका फांदीवर, शेपटीसकट पाऊण हात लांबीचा, मातकट पिवळ्या रंगाचा सरडा बसला होता. गळ्याखालीं कांट्यांची झालर. राग आला म्हणजे ती फुगते आणि काळी पडते, म्हणून या जातीला ‘बिअर्डेड ड्रॅगन’, म्हणजे दाढीवाला सरडा म्हणतात. मी जवळ जातांच त्यानें एक पुढचा पाय उचलला आणि तो हवेंत सावकाश गोल फिरविला.

“आजोबा, तो तुम्हांला नमस्कार करतोय,” नातू म्हणाला.

वस्तुतः आपल्याहून मोठ्या प्राण्यापुढें ‘मी भांडणार नाहीं’ असें सांगण्याची ही त्या जातीची खूण आहे. पण त्या वेळीं मीहि हात जोडले, आणि आमची ओळख झाली.

या प्राण्याचें मूळ वतन ऑस्ट्रेलियाचा आंतला कोरडा, तापलेला प्रदेश. ‘पोगोना व्हिटिसेप्स’ हें याचें शास्त्रीय नांव. ‘पोगोन’ म्हणजे ग्रीक भाषेंत दाढी. ऑस्ट्रेलिया आपल्याकडील जिवंत सरडे व्यापारासाठीं बाहेर जाऊं देत नाहीं. त्यामुळें इंग्लंडांत विकले जाणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पेटींतच जन्मलेले असतात. स्वभाव शांत, अंगावर घेतलें तरी निमूट बसणारा. म्हणून तिकडे मुलांना हा फार आवडतो. नातवानें त्याला एक इंग्रजी नांव ठेविलें होतें. मीं मात्र त्याचें बारसें पुन्हा केलें आणि ‘नृग’ हें नांव दिलें.

हें नांव कां, तें सांगावयास हवें. भागवताच्या दशम स्कंधांत नृग राजाची कथा आहे. हा राजा गोदानाविषयीं प्रसिद्ध. एकदां दान दिलेली एक गाय चुकून परत येऊन त्याच्या खिल्लारांत मिसळली, आणि राजानें नकळत तीच दुसऱ्या ब्राह्मणाला दिली. त्या अजाणतां घडलेल्या दोषामुळें त्याला सरड्याचा जन्म येऊन एका कोरड्या विहिरींत पडावें लागलें. खेळतां खेळतां पाणी शोधीत आलेल्या यादवांच्या मुलांनीं तो पाहिला, दया येऊन दोऱ्या लावून ओढून पाहिला, आणि हलेना तेव्हां श्रीकृष्णाला बोलाविलें. ही कथा मीं नातवाला सांगितली. त्याला ती इतकी आवडली कीं तोहि सरड्याला नृग म्हणूं लागला. नकळत घडलेल्या दोषाची ती गोष्ट लवकरच आमच्याच घरांत उलटी होऊन घडावयाची आहे, हें त्या वेळीं कोणाला ठाऊक होतें?

आमचें सोवळें

पहिल्याच रात्रीं सौ.ला झोप लागेना. “अहो, घरांत रातकिडे ओरडताहेत का?” मीं सकाळीं चौकशी केली. नृगाच्या आहारासाठीं जिवंत रातकिडे विकत आणून एका डब्यांत ठेविलेले होते. वाढत्या वयांतील या सरड्याचें मुख्य अन्न किडेच. सौ. कांहीं बोलली नाहीं. फक्त त्या खोलींत जाण्याचें तिनें सोडलें आणि देवघराचें दार लावून घेऊं लागली. आमची सूनबाई मोठी समंजस. दोन दिवसांनीं डबा दिसेनासा झाला. नृगापुढें आतां पालक, काकडी आणि पानांची कोशिंबीर येऊं लागली. मला कोणी कांहीं सांगितलें नाहीं, आणि मीहि विचारलें नाहीं. उलट एके दिवशीं जेवतांना मीं कौतुकानें म्हणालों, “पाहा, संगतीचा गुण! सरडासुद्धां शाकाहारी झाला.” सारे हंसले. नातू हंसला नाहीं, हें मला आज आठवतें.

दुसरा उपदेशहि माझाच. नोव्हेंबर लागला तसा तिकडचा दिवस आंखडूं लागला. दुपारीं थोडें ऊन खिडकींत येई. मीं नातवाला म्हणालों, “याला दिव्यांत कसला डांबून ठेवतोस? सूर्यप्रकाशासारखें औषध नाहीं. रोज दुपारीं खिडकीशीं ठेवीत जा.” शनिवार-रविवारीं तो एका कांचेच्या पेटींत नृगाला खिडकीशीं ठेवूं लागला, इतर दिवशीं तो शाळेंत असे, तेव्हां मीं स्वतः ठेवीत असें. बंद खिडकीच्या तावदानांतून आलेलें तें ऊन पाठीवर घेत सरडा डोळे मिटून पडे. मला वाटे, बरें केलें.

डिसेंबरच्या अखेरीस नृगानें नमस्कार करणें सोडलें. आम्हीं म्हटलें, थंडी आहे. मग त्याचीं बोटें आपोआप थरथरूं लागलीं. चालतांना पोट उचलेना. तें जमिनीवरून फरफटे. एके रात्रीं तो फांदीवरून खालीं पडला. खालचा जबडा सुजल्यासारखा दिसूं लागला, आणि पानें पुढें ठेविलीं तरी त्यानें तीं चार दिवस तोंडांत धरलीं नाहींत. त्या रात्रीं नातू माझ्या अंथरुणाशीं येऊन बसला.

“आजोबा, तो मरणार का?”

जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

पशुवैद्यांचा दवाखाना

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीं तिघे, चिरंजीव, नातू आणि मी, सरपटणाऱ्या प्राण्यांची विशेष माहिती असलेल्या एका पशुवैद्य बाईंकडे गेलों. पेटींतला दिवाहि घेऊन या, असें त्यांनीं आधींच सांगितलें होतें. त्यांनीं नृगाचा जबडा बोटानें हलकेच दाबून पाहिला, तो दबला. एक्स-रे काढला. निरोगी हाड त्यांत पांढरें शुभ्र दिसतें. नृगाचीं हाडें धुक्यांतल्या काड्यांसारखीं दिसत होतीं, आणि डाव्या पुढच्या पायाचें हाड वांकलेलें होतें.

मग प्रश्न सुरू झाले. दिवा किती जुना? पेटीबरोबर आधींच्या मालकाकडून आलेला; म्हणजे दीड वर्षाहून अधिक. बाईंनीं तो लावून त्याखालीं एक लहानसें मापक यंत्र धरलें. दिवा लख्ख जळत होता; यंत्राचा आंकडा मात्र शून्यापाशीं होता. कॅल्शियमची पूड देतां का? नातवानें खालीं पाहिलें.

“देत होतों. किड्यांवर टाकून. आजी-आजोबा आल्यावर किडे बंद केले.”

इतकें बोलून त्यानें माझ्याकडे पाहिलें. तें असें कीं जणूं अपराध त्याचाच होता, आणि तो सांगून त्यानें माझा अपमान केला होता. मीं हळूच विचारलें, “पण मीं त्याला रोज ऊन देत होतों ना?” बाईंनीं उठून आपल्या खिडकीच्या तावदानावर टिचकी मारली. कांचेंतून उजेड येतो, ऊबहि येते. पण ज्या किरणांची या प्राण्याला गरज आहे, ते बहुतेक सारे कांचेबाहेरच राहतात.

दोन मार्ग आहेत, त्या म्हणाल्या. वेदना न होऊं देतां याला निजवितां येईल. किंवा उपचार, पण ते महिनोन्‌महिने घरीं करावे लागतील, आणि यश येईलच असें नाहीं. चिरंजीवांच्या कपाळाला आंठी पडली. खर्चाचा आंकडा लहान नव्हता, आणि तो एका सरड्यासाठीं. मीं म्हणालों, “उपचार करूं. शुश्रूषा मी करीन.” चिरंजीव मला तेवढेंच म्हणाले, “बाबा, तुम्हांला किडे हातांत धरावे लागतील.”

मुडदूस, आपला ओळखीचा शत्रु

या रोगाला इंग्रजींत लांबलचक नांव आहे. पण मराठी माणसाला तो एका शब्दांत कळेल. हा सरड्याचा मुडदूस. त्याचें कारण असें : अन्नांतील कॅल्शियम रक्तांत शोषून घेण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागतें, आणि तें ‘ड’ जीवनसत्त्व उन्हांतील अतिनील किरण, त्यांतहि यू. व्ही. बी. नांवाचे किरण, कातडीवर पडले म्हणजे शरीरांतच तयार होतें. हे किरण नसले, किंवा अन्नांत कॅल्शियमच नसलें, तर रक्तांतला कॅल्शियमचा सांठा उतरतो. तो उतरला तर हृदय व स्नायु चालणार नाहींत. म्हणून गळ्यांतील पॅराथायरॉइड नांवाच्या लहान ग्रंथी जाग्या होतात आणि शरीराच्या तिजोरींतून, म्हणजे हाडांतून, कॅल्शियम काढूं लागतात. आजचा खर्च भागतो, पण घराच्या भिंती पोंखरून. हाडें मऊ होतात, वांकतात, मोडतात. आणि शेवटीं रक्तांतहि तूट पडली म्हणजे बोटें थरथरूं लागतात.

नृगाच्या बाबतींत तिन्ही दारें एकदम बंद झालीं होतीं. दिवा दिसण्यापुरता जळत होता, त्यांतले यू. व्ही. बी. किरण केव्हांच सरले होते. कॅल्शियमची पूड किड्यांबरोबर जात होती, ती किड्यांबरोबरच बंद झाली. आणि जो पालक आम्हीं पौष्टिक म्हणून घालीत होतों, त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल अन्नांतल्या कॅल्शियमला बांधून ठेवितें. दिव्यानें त्याला कड्यापर्यंत आणलें होतें. आमच्या सोवळ्यानें शेवटचा धक्का दिला.

मानवजातीला हें कोडें सुटण्यास फार काळ लागला. फ्रान्सिस ग्लिसन यानें मुडदुसावरील आपला ग्रंथ १६५० सालीं प्रसिद्ध केला. १८९० सालीं थिओबाल्ड पाम या डॉक्टरानें ठिकठिकाणची माहिती गोळा करून दाखविलें कीं, धुरकट शहरांत हा रोग फार, आणि भरपूर उन्हाच्या देशांत गरिबी असूनहि कमी. १९१९ सालीं बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यानें पारा-क्वार्ट्‌झच्या दिव्याखालीं मुडदूस झालेलीं मुलें ठेवून तीं बरीं होतात असें सिद्ध केलें. नृगाच्या पेटींतल्या दिव्याचा पूर्वज तोच म्हणावयाचा. आणि आपल्याला अंतर्मुख करणारी गोष्ट ही कीं, १९२२ सालीं हचिसन व शहा या दोघांनीं आपल्या नाशकाकडील पाहणी प्रसिद्ध केली. उन्हांत राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत मुडदूस क्वचित्‌, आणि घरांत कोंडून वाढविलेल्या बऱ्या स्थितींतल्या मुलांत तो अधिक, असें त्यांना आढळलें होतें.

हें वाचलें तेव्हां मला माझी धाकटी बहीण आठवली. आमचें घर सातारा जिल्ह्यांतलें, जुना वाडा. माजघराला एकच झरोका. ती रूपानें गोरी, नवसाची. दृष्ट लागेल, ऊन लागून काळवंडेल, म्हणून आजी तिला अंगणांतसुद्धां नेऊं देत नसे. अडीच वर्षांची झाली तरी ती उभी राहीना. डॉक्टरांनीं मुडदूस सांगितला आणि माशाचें तेल लिहून दिलें. बाटली आली, आजीनें ती पायरीच्या आंत येऊं दिली नाहीं. “औषध झालं म्हणून काय झालं? या घरांत तें चालायचं नाहीं.” माझे वडील आजीपुढें बोलत नसत. शेवटीं डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले, तेल नको तर नको, पण पोरीला रोज सकाळीं उघड्या अंगानें उन्हांत ठेवा. आजीनें तेवढें मानलें. बहीण उठली, चालूं लागली. पण पाय धनुष्यासारखे वांकले ते तसेच राहिले. पुढें लग्न जमवितांना वडिलांना जे दिवस काढावे लागले, ते मीं पाहिले आहेत. त्या आजीला मी दोष देत नाहीं; तिच्याइतकी माया बहिणीवर कोणी केली नसेल. पण मायेनें आपल्याला जें योग्य वाटलें तें दिलें. त्या देहाला काय हवें होतें, तें विचारलें नाहीं. साठीनंतर मींहि नेमकें तेंच केलें होतें.

घरची शुश्रूषा

पशुवैद्य बाईंनीं त्या दिवशीं कॅल्शियमचें औषध टोचलें आणि पुढचें सारें लिहून दिलें. ज्यांच्या घरीं असा प्राणी आहे त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट उजेडाची. यू. व्ही. बी. किरण देणारा नवा नळीचा दिवा पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीचा घेतला. तो सरड्याच्या पाठीपासून सुमारें ३० सेंटिमीटरवर येईल असा बसविला. मध्यें कांच किंवा प्लॅस्टिक येऊं दिलें नाहीं. दिवसाचे बारा तास तो चालू, रात्रीं पूर्ण अंधार. दिव्यावर लावल्याची तारीख चिकटविली. कारण असा दिवा डोळ्यांना जळतांना दिसला तरी सहा ते बारा महिन्यांत त्याचे किरण क्षीण होतात, आणि तो बनविणाऱ्यानें दिलेल्या मुदतींत बदलावाच लागतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सरड्याच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. ऊब नाहीं तर अन्न पचत नाहीं आणि औषध लागू पडत नाहीं. पेटीच्या एका टोकाला, उन्हें खाण्याच्या जागीं, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास उष्णता राहील अशी व्यवस्था केली. दोन्हीं टोकांना उष्णतामापक लाविले. ऊन आणि सावली यांतली निवड त्याची त्याला करूं द्यावयाची.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. मऊ हाड उडी सोसत नाहीं. म्हणून फांद्या, दगड सारे काढले. सपाट तळावर कागद पसरला आणि दिव्याखालीं एक पातळ फरशी ठेविली. वाळू मुळींच नको, ती अन्नाबरोबर पोटांत जाऊन आंतडें अडवूं शकते. उचलण्याचा प्रसंग आलाच तर दोन्ही तळवे पोटाखालीं घालून, सारें अंग तोलून. पायाला किंवा शेपटीला धरून कधीं नाहीं. पहिले कांहीं आठवडे औषधापलीकडे त्याला हातच लावावयाचा नव्हता. नातवाला हें सर्वांत कठीण गेलें.

चौथी गोष्ट औषधाची. पातळ कॅल्शियम बिनसुईच्या पिचकारींतून ओठाच्या कडेला थेंबथेंब. मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्याच्यासाठीं वेगळा तराजू आणून दर रविवारीं वजन करीत असूं. येथें एक इशारा : औषध आहे म्हणून अधिक देऊं नये. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांचा अतिरेकहि घातक ठरतो. दिव्याची चूक आपण घरीं सुधारूं शकतों. मात्रेचा अंदाज घरीं करूं नये.

पांचवी गोष्ट अन्नाची. जबडा मऊ होता तोंवर दवाखान्यांतून दिलेलें पातळ अन्न पिचकारीनें, पुढें किडे. किड्यांच्या अंगांत फॉस्फरस अधिक आणि कॅल्शियम कमी, म्हणून त्यांना आधीं दिवसभर चांगला हिरवा पाला खाऊं घालावयाचा, आणि देण्यापूर्वीं कॅल्शियमची पूड लावावयाची. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांतील अंतराहून मोठा नसावा. भाज्यांत पालक वर्ज्य केला; डँडेलियनचीं पानें, वॉटरक्रेस, मधून मधून कोथिंबीर असें सुरू केलें.

सहावी गोष्ट स्नानाची. या रोगांत पोट साफ होत नाहीं. बशीसारख्या उथळ भांड्यांत कोमट पाणी, कोंपराच्या वर नाहीं, आणि दहा मिनिटें आपण जवळ बसून राहणें. सातवी गोष्ट आपली स्वतःची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. म्हणून त्याला हात लावल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला शिवावयाचें नाहीं, आणि त्याचीं भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत धुवावयाचीं नाहींत. लहान मुलें आणि वृद्ध ज्या घरांत आहेत तेथें हा नियम कडक पाळावा. या एका बाबतींत आमचें सोवळें उपयोगी पडलें. शिवाशिवीचें भान घरांत सर्वांना होतेंच.

किड्यांचा प्रश्न

आतां राहिला प्रश्न किड्यांचा. दवाखान्यांतून आल्यावर मीं सौ.ला सारें सांगितलें. एका जिवासाठीं दुसरे जीव मारावयाचे, आणि तेहि आपल्या हातानें. हें मनाला पटविणें सोपें नव्हतें. मी तासभर शास्त्रार्थ करीत बसलों. ती भाजी निवडीत ऐकत होती. शेवटीं म्हणाली, “अहो, वाघाला गवत घालून पुण्य लागत नाहीं. ज्याला घरांत आणलं त्याला त्याचं अन्न द्यायला हवं. नाहीं तर आणायचं नव्हतं. मला तेवढं दाखवूं नका म्हणजे झालं.” माझ्या तासभराच्या शास्त्रार्थाचा निर्णय तिनें चार वाक्यांत दिला. किड्यांचा डबा गॅरेजमध्यें गेला. हिरवा पाला मात्र ती स्वतः बारीक चिरून देऊं लागली.

पहिला रातकिडा चिमट्यांत धरला तेव्हां माझाहि हात नृगाच्या बोटांसारखा थरथरला. माझी शंका पूर्ण फिटली असें मी म्हणणार नाहीं. ती आजहि फिटलेली नाहीं. पण किडे देणें मला जड जातें म्हणून सरड्याला झिजूं देणें, ही अहिंसा नव्हे, एवढें मला कळलें. ती केवळ आपल्या मनाची सोय.

नातवानें एक वही केली. तारीख, वजन, काय खाल्लें, पोट साफ झालें कीं नाहीं, असे रकाने. जानेवारींत वजन १८० ग्रॅम. तीन आठवडे तें हललें नाहीं; एक आठवडा तर १७६ झालें, आणि त्या दिवशीं आम्हीं कोणी नीट जेवलों नाहीं. फेब्रुवारीच्या मध्यावर थरथर थांबली. मार्चमध्यें एके सकाळीं नातू ओरडत आला. नृगानें पोट जमिनीवरून उचललें होतें. एप्रिलच्या पहिल्या रविवारीं वजन २३२ ग्रॅम झालें. पुन्हा काढलेल्या एक्स-रेमध्यें हाडें पांढरीं दिसूं लागलीं होतीं. डावा पाय मात्र वांकडाच राहणार, असें बाईंनीं स्पष्ट सांगितलें. हाड पुन्हा कठीण होतें. पण ज्या आकारांत तें कठीण होतें, तो आकार पुढें राहतो.

आम्हीं निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं मी पेटीपुढें बसलों होतों. नृगानें माझ्याकडे पाहिलें, आणि तोच वांकडा पाय उचलून हवेंत अर्धवट फिरविला. त्या खुणेचा शास्त्रीय अर्थ मी वर सांगितलाच आहे. तरीहि मीं हात जोडले.

शेवटीं वाचकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. हा लेख वाचून कोणी अंगणांतला सरडा धरून पेटींत घालूं नये. आपल्याकडील घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचें संरक्षण आहे. तिला पकडणें अगर पाळणें हा गुन्हा होय. त्या कायद्यांतील २०२२ च्या दुरुस्तीनें कांहीं परदेशी प्राण्यांची नोंदणीहि आवश्यक केली आहे. इंग्लंडांत सरडा पाळण्यास मोकळीक असली, तरी २००६ च्या तिकडील कायद्याप्रमाणें प्राण्याच्या गरजा भागविण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर आहे, आणि सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकतां येत नाहीं. तेव्हां मूल हट्ट करतें तेव्हां उत्तर वडीलधाऱ्यांनींच द्यावयाचें असतें. तें देण्यापूर्वीं, हा जीव कोठला, याचें ऊन कोणतें, याचें अन्न कोणतें, आणि तें आपल्या घरांत चालेल कीं नाहीं, हें आधीं पाहावें. चालणार नसेल तर प्राणी आणूं नये. त्यांत कमीपणा नाहीं. आणला तर आपल्या सोयीचें नव्हे, त्याच्या देहाला लागेल तें द्यावें.

दुसरी गोष्ट सरड्याची नव्हे. गांवीं परत आल्यावर मी बहिणीकडे गेलों. ती अंगणांत उन्हांत बसून तांदूळ निवडीत होती. तिला नृगाची सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिली, आणि मग हंसून म्हणाली, “दादा, त्याचा एकच पाय वांकडा राहिला ना? मग वेळेवर नेलंत.”